चिनीमातीचा ग्रह

पुस्तक अजून आहे. कणा मोडलेला,
किंमत पासष्ट पेन्स. मुखपृष्ठावर
हिरव्या आभाळाखाली पांढरे डोंगर,
आणि त्यांच्यामागून वर येणारा ओम्राक,
आठ डोळ्यांचा, कुठेच न बघणारा.

ते डोंगर आमचे.
कॉर्नवॉलमधले, सेंट ऑस्टेलच्या वरचे,
चिनीमातीच्या खाणीने शंभर वर्षं ओकलेले.
आई दोरीवरच्या चादरी चिमटीत धरून सांगायची
वारा आज खाणीकडचा आहे का.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चात टीव्हीवाले आले,
चार दिवसांसाठी.
त्यांना परग्रह हवा होता, स्वस्तातला,
लंडनहून एका दिवसात गाठता येईल असा.
त्यांची व्हॅन चिखलात रुतली
ती माझ्या बाबांनी ट्रॅक्टरने ओढून काढली.
दिग्दर्शक म्हणाला, इथे नेहमी असंच दिसतं?
बाबा म्हणाले, नाही,
सोमवारी धूळ जरा जास्त असते.

दुपारी दोन ओम्राक कठड्यावर बसले,
डोकी काढून मांडीवर ठेवली, पेस्टी खाल्ल्या.
एकाला सर्दी होती.
मी दहा वर्षांची. मला तेव्हाच कळलं
की परग्रहवासी रबराचे असतात
आणि त्यांच्या पाठीला चेन असते.

मग शरदात पुस्तक आलं.
लेखक कुणी ऑब्री टेल्फर्ड. आमच्याकडे
तो कधी फिरकला नाही. पटकथा पुढ्यात ठेवून
सहा आठवड्यांत लिहिलं असणार, ठोक रकमेवर.
पण त्याच्या पानांत रबर नव्हतं.
त्याचे ओम्राक गोळ्या झाडत नाहीत.
ते येतात, उभे राहतात,
आणि डोंगराची उंची विचारतात, अगदी अदबीने.

पान एकसष्टवर एक खाणकामगार आहे.
नाव नाही. पडद्यावर तर तो नव्हताच.
तो पंप बंद करतो, कान देतो, म्हणतो:
'ते हल्ला करत नाहीयेत. ते मोजतायत.'
पुढच्या पानावर मरतो.

बाबा, तुम्ही आहात यात, मी म्हटलं.
हात पांढरे होते, त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही.
मोरीशी उभे राहून म्हणाले, वाच.
मी वाचलं. नळ चालूच.
'एका पानात मेला?'
'हो.'
'म्हणजे ओव्हरटाइम बुडाला.'

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी
स्वच्छ जाकिटांतली माणसं आली,
तिपाई, दुर्बीण, लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन.
चांगली होती माणसं. एकाने आमच्या कुत्र्याला बिस्किट दिलं.
त्या रात्री बाबा बूट न काढता स्वयंपाकघरात आले
आणि म्हणाले, लोवेना, ते मोजतायत.

पुस्तकातलं आठवून म्हणाले
की नुसतंच, दिसलं ते म्हणाले,
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
पत्र ऑगस्टात आलं. पंप बंद झाला तो बंदच.
खड्ड्यात पाणी चढत गेलं, निळं-हिरवं,
छपाईत चुकल्यासारखं. आता लोक मोटारी थांबवून
फोटो काढतात, म्हणतात, बाई गं,
अगदी दुसऱ्या ग्रहावरचं!
मी कडेला बाकावर बसून मान डोलावते.

बाबा गेल्यावर पुस्तक माळ्यावर सापडलं.
एका पानावर अंगठ्याचा ठसा, पांढरा, रेषारेषांचा.
एकसष्टवर नाही.
बासष्टवर.

परवा नात आली, टेगन, नऊ वर्षांची.
तिला वाचून दाखवत होते. त्या पानाशी थांबले,
ठशाच्या कडेकडेने बोट फिरवत राहिले,
धूळ उडू नये म्हणून श्वासही जपून.

आजी, ती म्हणाली, उलट ना पान.
हा मेला, कळलं.
ओम्राक कुठे गेले?