पिवळी किती

दोघे एकाच तोंडवळ्याचे,
आणि रात्री दोनला तर एकाच आवाजाचे.
नर्स म्हणाली, धाकटा वजन धरत नाहीये,
दिवसाला किती ओली करतो ते मोजा.
सहा झाली तर काळजी नको.

मोजणार कशी?
बादलीत पडलं की बाळोत्याला नाव उरत नाही.

म्हणून रंग.

चोवीस बाळोती, पांढरी,
म्हणजे नणंदेच्या तीन पोरांनी ठेवली तितपत पांढरी.
सामन माशांच्या खाद्याच्या दोन रिकाम्या बादल्या,
धुण्याचा सोडा, मीठ, पोस्टानं आलेली दोन पाकिटं.
बारा निळी, थोरल्या मॅन्सीची.
बारा पिवळी, रॅस्मीची,
कारण पिवळं लांबून दिसतं.

शेजारची बाबी दाराला टेकून बघत होती.
तिनं उभा जन्म लोकर रंगवली,
खडकावरचं दगडफूल खरवडून
महिनाभर मुतात मुरवून.
म्हणाली, ऑस्ला, आम्ही मुतात रंग मुरवला
आणि तू रंगात मूत मुरवणार.
स्वतःच इतकी हसली की
माझ्या स्टुलावर बसावं लागलं तिला.

रात्रभर भिजली. सकाळी पिळली.
मी कोपरापर्यंत पिवळी, पुढचे चार दिवस.
कापड रंगलं, शिवण नाही.
दोरा पॉलिस्टरचा, त्याला कशाचं काही नाही.
पिवळ्याच्या कडेनं पांढरी धाव,
निळ्याच्या कडेनंही तीच.

दोरी उतारावर बांधली, समुद्राच्या अंगाला.
गिबी फेरीवर डेकला असतो,
गाड्या आत घे, गाड्या बाहेर सोड.
प्रत्येक फेरीला आमच्या घरासमोरून जातो
आणि कालची पिवळी मोजतो.
निळी मोजत नाही.
मॅन्सीचं पोट त्यानं मॅन्सीवर सोडलंय.

शेटलंडात जूनमध्ये रात्र पडत नाही, नुसती मंदावते.
अकरा वाजता धुणं वाळतं,
अकरा वाजताही तो मोजू शकतो.

मग तो मंगळवारचा वारा.
चिमटे तेवढे जागच्या जागी.
फोन आला, मागे इंजिनाची घरघर.
पिवळी दोनच?
म्हटलं, वाऱ्यानं नेली. आठ होती.
नक्की आठ?
आठ.

पाच होती.

संध्याकाळी बाबी तीन घेऊन आली,
एक कुंपणाच्या तारेवर मिळालं,
दोन एका मेंढीपाशी.
उरलेली तीन? गिबीनं जेवताना विचारलं.
समुद्रात गेली असतील.
बटाट्याची सालं काढत होता तो, काढत राहिला.

पुढचे दोन दिवस, त्याचा जोडीदार सांगतो,
हा कठड्याला वाकून पाण्यात काहीतरी पिवळं शोधायचा.

शुक्रवारी मी अंघोळीहून आले
तर तो खोलीत मोजत उभा.
खणात सहा. बादलीत दोन.
शेगडीपाशी वाळत तीन.
एक रॅस्मीच्या अंगावर.
बारा.

माझ्याकडे बघितलं नाही.
स्वेटरची चेन उघडून पोर आत घेतलं,
वरच्या दुधाची बाटली मनगटावर थेंब पाडून पाहिली
आणि पलंगाच्या कडेला बसला,
बूट न काढता.
दर दोन तासांनी, त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी,
उठायचा तो.
बोलायचा काहीच नाही.
मीही नाही.
आठचा आकडा आमच्या घरात
बराच काळ कोणी उच्चारला नाही.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी
मी सात पिवळी टांगली.
एकेकाला दोन-दोन चिमटे.
फेरीला विनाकारण भोंगा वाजवायची बंदी आहे.
वाजला.
मेंढ्या पांगल्या, बाबी बाहेर आली,
मॅन्सी दचकून उठला, त्याच्या रडण्यानं रॅस्मी.
धावत आत गेले.
हात आधी पिवळ्याखाली घातला.