एक हात

मोडेस्टोच्या त्या गॅरेजात
छतापासून टेनिसचा एक चेंडू लोंबतो.
रंग उडालेला, दोरी मेणचटलेली.
गाडीची काच त्याला टेकली की थांबायचं,
ही खूण हॅरल्डची.
हॅरल्डला जाऊन दोन वर्षं झाली.
गाडी अजून तिथेच थांबते.

जुना बंब जमिनीवर बसकण मारून होता,
बुडाशी गंजाची चाळण,
कुशीत बंपरचा पोचा.
"एकदाच," ऑर्फाबाई म्हणाल्या, "नाताळच्या आदल्या रात्री.
तेव्हा चेंडू नव्हता."
डेल्मरने पोच्यावरून अंगठा फिरवला
आणि गप्प राहिला.
मी आठ महिने त्याच्या हाताखाली आहे.
तो गप्प असतो तेव्हा
जास्त ऐकायचं असतं.

कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र,
त्याला टेकून लाल डबा,
झाकण तिरकं.
"पेट्रोलची वाफ वर जात नाही," तो मला म्हणाला,
त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.
"जड असते. जमिनीला पोट लावून सरपटते.
आणि इथे ज्योत खालीच बसलेली.
म्हणून ज्योत उचलायची. अठरा इंच."

अठरा इंच म्हणजे एक हात,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
मी टेप आणायला व्हॅनकडे गेले
तोवर तो गुडघ्यावर बसला होता,
कोपर फरशीला, पंजा भिंतीवर,
बोटाशी पेन्सिलची रेघ.
टेपने मोजलं तर अर्धा इंच वर.
"वर चालतं," तो म्हणाला. "खाली चालत नाही."

मग दिवसभर लाकूड, पत्रा, घाम.
नवा बंब चौथऱ्यावर चढला
तेव्हा लग्नात पाटावर उभ्या केलेल्या
अवघडलेल्या मुलासारखा दिसला.
त्याला दोन पट्टे बांधले, छातीला आणि मांडीला,
कारण इथली जमीन कधीतरी कूस बदलते.
वाफ कोंडली तर सुटायला नळी,
तोंड खाली, भिंतीपार, उघडं.
"हिला बूच लावायचा मोह कुणालाही होऊ नये,"
एवढं एकच वाक्य तो दोनदा म्हणाला.

गॅसचा सांधा मी आवळला.
साबणाचा फेस लावून
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं.
एक फुगा आला.
माझे कान तापले.
त्याने पाना माझ्याच हातात दिला.
दुसऱ्यांदा फेस नुसताच ओघळला.

आणि मग गाडीचं निघालं.
चौथऱ्यापुढे लोखंडी खांब रोवला,
पोटात काँक्रीट भरलेला,
तर चेंडू आता खांबाच्याही पलीकडे.
गाडीने तिथवर यायचं तर खांब नको,
अलीकडे थांबायचं तर शेपूट दाराबाहेर.
"चेंडू हातभर मागे घेऊ," मी म्हटलं,
"आणि तिकडची कपाटं..."
डेल्मरने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले.

ऑर्फाबाईंनी डबा उचलला,
झाकण घट्ट फिरवलं,
परसातल्या टपरीत ठेवून आल्या.
"गाडी बाहेर राहील," म्हणाल्या,
"चेंडू राहू दे."
"मग खांब काढू का?" मी विचारलं.
"नाही," डेल्मर म्हणाला. "खांब आजच्यासाठी नसतो.
उद्या हे घर कुणाचं असेल, कुणाला माहीत."
त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

बर्नर पेटला. आम्ही पाच मिनिटं थांबलो.
त्याने काडी ओढली, विझवली,
धुराची शेंडी धुराड्याच्या तोंडाशी धरली.
धूर क्षणभर घुटमळला,
माझ्याकडे वळला,
मग मान वाकवून आत गेला
आणि जातच राहिला.

निघताना शटर वर ओढलं.
वारा आत आला, चेंडू हलला.
आतून नळाचा आवाज,
आणि बाई मोठ्याने, कुणालाच नाही असं,
"आलं. गरम आलं."