जांभळी गोळी

ग्रिम्सबीची शाळा, नववीचा वर्ग.
चावा, म्हटलं, आणि थुंका.
ब्रश जिथं जिथं पोचला नव्हता
तिथं तिथं जांभळं.
पोरं एकमेकांना जिभा दाखवत
खिदळत सुटली.

मागच्या बाकावर टेगन,
ओठ मिटलेले,
गोळी मुठीत.

तास संपल्यावर आली.
"दोन मिनिटं मोजायची कशी, मिस?
आम्ही सातजण. बाथरूम एक.
दार सारखं वाजतं."

माझ्याकडे एकच घड्याळ होतं, आईनं दिलेलं:
तेराचा पाढा, मनातल्या मनात,
सावकाश, चारदा.
फळ्यावर लिहून दिला.

जांभळ्या बोटांवर ती मोजू लागली,
तेरा, सव्वीस, एकोणचाळीस…
बावन्नला अडली,
आणि हसली.

पुढचा दात अर्धाच.
मी फळ्याकडेच
बघत राहिले.