मध्यम

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन:
कमी, मध्यम, जास्त.
पेन माझं, सहीही माझीच.
चौकोन एवढासा, धानाचा दाणा मावेल.

दुर्योधन हटवार, वय एकोणसाठ.
तीस हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवला,
दिवाळीपासून होळीपर्यंत रात्री जागला
आणि आता झोपेची गोळी मागतो,
नजर माझ्या टेबलाखालच्या चपलांवर ठेवून.
ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, सरळ विचारा,
विचारल्यानं मनात येत नाही,
असलेलं बाहेर येतं.
"मरावं असं वाटते का, भाऊ?"
बाहेर कुणीतरी जनरेटर सुरू केला.
तो बंद पडेपर्यंत दुर्योधननं उत्तर तोंडात धरून ठेवलं.
"वाटते. पन रोज नाई."
मी खूण केली. त्यानं वाकून पाहिलं.
"काय लिवलं?"
"मध्यम."
हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.
"कोनता, मॅडम?
पांढरी चार का काळी तीन?"

त्याच्याआधी एक होता.
त्याचं नाव मी घरात घेत नाही.
आयटीआयचा पोरगा, नखं कापलेली,
पुढची तारीख स्वतःहून मागितलेली,
माझ्यासमोर मोबाइलवर अलार्म लावलेला.
मंगळवारी मी 'कमी'वर खूण केली.
शनिवारी टपरीवर कळलं.
टपरीवाल्यानं सांगितलं,
साखर किती टाकू, विचारता विचारता.
चौकशीला आलेल्या साहेबांनी गोळ्यांचा साठा मोजला,
सह्या पाहिल्या, बरोबर आहे म्हणाले.
कुणी दोष दिला नाही.
दिला असता तर कुठेतरी ठेवून तरी आले असते.

तेव्हापासून लेकाला विचारते, झोप लागली का, किती जेवलास,
तो म्हणतो, आई, मी पेशंट नाई.
फोन उशाशी. रेंजच्या दोन कांड्या.
नवऱ्यानं कूस बदलली तरी उठून बसते.
ऑर्डर अकरा महिन्यांची.
बाराव्या महिन्यात, कागदावर,
मी कुणाची कुणी नसते.

गुरुवारी दुर्योधन आला नाही.
फोन बंद. शेजाऱ्याचा लागला,
तो म्हणाला, दार लोटून आहे.
स्कूटी काढली.
बांध्यांमधून तेरा किलोमीटर, धान पिवळं पडत आलेलं,
मधे बोडी,
बोडीच्या काठाशी चपला.

उतरले.

धुणं धुवायला आलेल्या बाईच्या होत्या.
"काहून व बाई, काय झालं?"
म्हटलं, रस्ता विचारायचा होता.

तो अंगणात होता. ऑर्गन उघडलेला,
पट्ट्या चटईवर ओळीनं मांडलेल्या,
काढलेल्या दातांसारख्या.
उंदरानं भाता कुरतडला म्हून आलो नाई, म्हणाला.
मी ओट्यावर बसले.
पाय कापत होते, त्यांच्यावर बॅग ठेवली.
त्याची बायको पाण्याचा गडवा ठेवून आत गेली,
माझ्याकडे न बघता.
मी महिन्यातून एकदा विचारणारी,
ती रोज रात्री श्वास ऐकणारी.
तिच्यासाठी फॉर्मच नाही.

"वाजते का?"
त्यानं एक पट्टी जागेवर बसवली,
पायानं भाता दिला, बोट दाबलं.
नुसती हवा.
"आज बरा हाव," म्हणाला. "उद्याचं मी सांगत नाई."
मलाही तेवढंच सांगता येतं खरं तर.

मग, पट्टी पुसता पुसता,
"अन् तुमचा कोनता, मॅडम?"

मी म्हटलं, आधी गोळी घ्या.
पाणी प्या. तोंड उघडा.
जीभ वर करा.