निघंना

उदगीरला, देगलूर रोडवर, टायरवाल्याच्या बाजूला
माझं भाड्याच्या हत्यारांचं दुकान.
तातेराव पोत्यात गुंडाळून ड्रिल घेऊन आला,
आजारी बकरं आणावं तसं.
"मामा, बिट निघंना गेलंय. लई वडलं."
डिपॉझिटचं तो बोलला नाही.
मीही नाही.

चकाची कॉलर मागं ओढली. येते.
बिट फिरतं, अर्धं सूत पुढं सरकतं
आणि आत कुठंतरी दात लावून बसतं.
शेपटाला ग्रीसचा थेंब नाही. कोरडंच चालवलेलं
काळ्या दगडात.
ठोके खाऊन खाऊन शेपूट फुलतं,
मग आलेल्या वाटेनं परत जाता येत नाही.

"हातोडी देऊ का?"
गौसपाशा असते तर कानाखाली काढली असती.
"मारा तो मरा," म्हणायचे, "इसकू तेल पिला, और सुला दे."
ड्रिल उभं केलं, तोंड वर,
फटीत डिझेल सोडलं, कानात औषध घालतात तसं.

"कशाला नेलतं?"
"आईच्या न्हाणीत दांडी बसवायलतो. धरून उठायला.
तीन भोकं झाली. चौथ्याला हे असं."
"मग दांडी?"
"तीनच स्क्रूवर हाय. हालायलीय.
आई म्हणती, पुरे की.
पण धरंना गेलीय."

रात्री दोनदा उठलो, डिझेल घातलं.
सकाळी शटर अर्धं वर, तर तो उभाच.
बिट वाइसमध्ये आवळलं, कॉलर त्याच्या हातात दिली,
"मागं ओढून धर, सोडू नको,"
आणि मी मशीन हलवत राहिलो, डावं, उजवं, डावं,
ओढायचं नाही, नुसतं हलवायचं,
पोराचा दुधाचा दात हलवतात तसं.

टायरवाल्यानं कॉम्प्रेसर चालू केला.
त्या धडधडीत ते कधी सुटलं, ऐकूच आलं नाही.
एकदम मशीन हातात हलकं.
बिट वाइसमध्ये तसंच उभं,
शेपटाची कड बाहेर वळलेली.
भंगारात टाकलं.

नवं बिट काढलं, शेपटाला बोटानं ग्रीस फासलं,
उरलेलं तातेरावच्या बोटाला पुसलं. "एवढं. दर वेळी."
"आजचं भाडं?"
"एका भोकाचं काय भाडं."

दुपारी फोन आला. नंबर त्याचा, आवाज म्हातारीचा.
"आता हालंना बघ."
एवढंच.
मग फोन बंद कुठून करायचा ते तिला सापडंना.
बराच वेळ मला
बादलीत पाणी पडताना ऐकू येत होतं.