पाथ

कुंदाताई ओतारींच्या मेसची साइट मी केली,
नव्या पेठेत, दोन महिन्यांच्या डब्याच्या बोलीवर.
त्या म्हणाल्या, पोरांना रोज रोज नाव विचारू नकोस,
मी विचारते का?
म्हणून कुकी.

बरोबरचं चिन्ह टाकलं की वाटतं, आधीचं पुसलं गेलं.
तसं होत नाही. नवं नाव जुन्याच्या शेजारी बसतं,
आणि वाचायला जावं तर सगळी एका ओळीत येतात,
मध्ये फक्त अर्धविराम.
पंगतीतून आपलं पान आपणच हुडकायचं.

देवनागरी तशीच ठेवायची भीती वाटली, एन्कोड केली.
गहिनीनाथ. एवढ्याशा नावाचे चोवीस टक्के झाले,
मी मोजले.
त्याला दाखवलं तर म्हणाला, पूर्वपरीक्षेत नको म्हणजे झालं.

मुदत एक वर्ष:
तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार सेकंद.

तो मार्चमध्येच गेला, आष्टीला.
गादी विकली, कुकर कुणाला तरी दिला.
अभ्यासिकेतला खिडकीजवळचा कॉम्प्युटर मात्र जागेवरच होता
आणि त्याच्यापुढे जो बसेल त्याला साइट म्हणायची,
या गहिनीनाथ, आज बिनकांद्याचंच ना?
पोरं हो म्हणायची. कोण दुरुस्त करत बसणार,
इतिहासाचे अजून चारशे प्रश्न बाकी.
चौघांनी दीड महिना बिनकांद्याची भाजी खाल्ली.
ताई रोज त्याच्या नावाचे चार डबे भरायच्या.
एकदा मला हळूच विचारलं,
आला का गं तो परत?

पुसायची वेगळी आज्ञा नाही इथे.
विसरायचं तर होऊन गेलेली तारीख द्यावी लागते.
मी दिली. गुरुवार, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
त्याचे वडीलही जन्मले नसतील.
रिफ्रेश केलं.
या गहिनीनाथ.

रात्री साडेअकराला उमगलं,
ठेवताना पाथ डब्याच्या पानाचा होता,
पुसायला मी मुख्य दारातून आले होते.
ज्या वाटेनं ठेवलं त्याच वाटेनं जावं लागतं.
गेले.

सकाळी पडद्यावर नुसती चौकट: आपलं नाव?
सांगोल्याचा नवा मुलगा बसला होता.
कर्सर लुकलुकत राहिला, बराच वेळ.
मग त्यानं टाइप केलं, गहिनीनाथ,
आणि कांद्यापुढे
हो.