दोन इंच

खोक्यावर बाण होता: ही बाजू वर.
हमालांनी तो उलटाच ठेवला, थाटीपूरच्या आमच्या नव्या बैठकीत,
आणि ग्वाल्हेरचं पौषातलं धुकं त्यांच्या मागोमाग आत शिरलं.

आत होती कारखान्यात जन्मलेली लोखंडी शेकोटी.
तिला राख माहीत नव्हती, फुंकणी माहीत नव्हती,
पाठीवर तेवढा एक अनुक्रमांक,
आणि सोबत बावन्न पानांचं पुस्तक,
त्यातली चाळीस पानं, काय करू नये याची.

रामसेवक कुशवाहने चष्मा कपाळावरून खाली ओढला.
वाचताना त्याचे ओठ हलत.
"दो इंच," तो म्हणाला, आणि दोन बोटं धरली
नळी आणि लाकडी चौकटीच्या मध्ये.
"चारों तरफ़. इसमें कुछ नहीं भरना."

ह्यांना ती फट सहन होईना.
जन्मभर लेखापाल; रिकामा रकाना दिसला
की हात शिवशिवतात.
ग्लासवुल, थर्माकोल, निदान जुन्या गादीचा कापूस?
रामसेवकने पान उघडून बोट ठेवलं.
हवा. तिथे फक्त हवा राहील.
लाकूड रोज थोडं थोडं भाजत जातं आतून,
वर्षानुवर्षं, कुणाच्या ध्यानात येत नाही,
मग एका रात्री ठिणगीशिवायच धरतं.

स्लॅबला भोक पाडलं त्या दुपारी
घरभर सिमेंटची पिठी, देवांवरसुद्धा.
मी त्यांना पदराने पुसलं.
वर आभाळाचा वाटोळा तुकडा, त्यात डोकावणारा एक पारवा.
मग पत्र्याची चौकट, मग दुपदरी नळ्या एकीत एक,
दर सांध्याला तीन स्क्रू. मी मोजले.
गच्चीच्या वर तीन फूट,
आणि जवळच्या पाण्याच्या टाकीहून दोन फूट उंच,
नाहीतर वारा धूर परत घरात लोटतो.
टोकाला जाळीची टोपी, पारव्यांसाठी.
पारव्यांविरुद्ध, खरं तर.

मी का मोजत होते ते ह्यांना ठाऊक होतं.
म्हणून काही बोलले नाहीत.

श्रीरंगदादा, तुझ्या खोलीत सिगडी होती.
कोळसे अंगणात लाल करून मग आत घेतलेले.
धूर नव्हता.
धूर नाही म्हणजे भीती नाही, असंच समजायचो आपण.
खिडकीच्या फटीत तू वर्तमानपत्र कोंबलंस,
तेही नीट घडी घालून.
वहिनी रात्रपाळीला, इस्पितळात,
दुसऱ्यांचे श्वास मोजत.
सकाळी तुझे गाल गुलाबी होते.
शेजारीण म्हणाली, बघा, कसा गाढ झोपलाय.

पहिला जाळ करायचा त्या संध्याकाळी मंदावहिनी आली.
बत्तीस हिवाळे तिने नुसत्या दोन दुलयांवर काढलेत.
दारातच उभी राहिली, चप्पल न काढता.
शेकोटीपुढची काळ्या दगडाची पट्टी पाहिली,
छतावरची पांढरी डबी पाहिली,
तिचा हिरवा दिवा मिचकत होता.
"ही काय करते?"
"ओरडते," मी म्हटलं.
"ज्याचा आपल्याला वास येत नाही, ते हिला कळतं."

रामसेवकने आधी कागदाची सुरळी पेटवून नळीखाली धरली.
धूर वर गेला, सरळ,
गच्चीवरून कुणी हाक मारल्यासारखा.
मग बाभळीची वाळकी लाकडं, दोनच.
रंगवलेलं नको, मोडक्या खुर्चीचं नको.
ह्यांनी तासाभराने चौकटीच्या लाकडाला हात लावला.
"गारच आहे की," म्हणाले, जरा खट्टू होऊन.

वहिनी बसली शेवटी,
कोपऱ्यातल्या मोढ्यावर, अंगावर शाल तशीच.
रामसेवकने मुरैनाची गजक आणली होती,
तिचा चुरा शालीवर सांडला, तो तिने झटकला नाही.
जाळाकडे पाहत होती की पलीकडच्या भिंतीकडे,
मला सांगता यायचं नाही.

निघताना खिडकीपाशी गेली.
कडी काढली.
दोन बोटं आडवी धरून, मोजून,
तेवढी उघडी ठेवली.

"असू दे," म्हणाली.
"गारठलात तर फोन करा.
दुलई आणून देईन."